मागच्या सीटवरचा हात

माझ्यासोबत ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, उडवायला शिकणारा चिन्मय आज उतरताना आपटला. एक्स-रे साफ आला, पाठ तेवढी धरली आहे. ग्लायडर हँगरमध्ये आहे, चाकाभोवतीचं सगळं उघडून ठेवलंय. तपासणी झाल्याशिवाय उडणार नाही. मला चिन्मयचं वाईट वाटतंय, खोटं नाही. पण डोक्यात मघापासून दुसरंच घोळतंय. मी उतरवते ते मीच उतरवते का?

त्याचं फायनल, म्हणजे धावपट्टीकडे सरळ येण्याचा शेवटचा टप्पा, छान होतं, वेगही बरोबर. राउंड-आउटला, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलून सरळ करताना, स्टिक (हातातला दांडा) जरा जास्त मागे आली आणि ग्लायडर परत वर चढलं. त्याने ग्लायडरचं नाक खाली दाबलं. मग आपटलं, उसळलं, पुन्हा आपटलं. अशा वेळी नाक दाबायचं नाही, आहे तसं धरायचं, फार वर गेलं तर एअरब्रेक (पंखांवरच्या, खाली उतरवणाऱ्या फळ्या) थोडे मिटायचे, हे आम्ही दोघंही झोपेत सांगू. पण इंजिनच नाही, त्यामुळे बिनसलं म्हणून वर जाऊन आणखी एक फेरी मारायची सोय नाही. आणि बसायची जागा जमिनीला इतकी लागून, की दणका थेट मणक्यात. म्हणून तर मऊ उशी घेऊ देत नाहीत. ती आधी दबते आणि मग जास्तच हाणते.

माझं असं कधी झालं नाही. नेमकं तेच खुपतंय. जमीन जवळ आली की स्टिक किंचित जड लागते. आजवर मला वाटायचं, हवाच तशी लागत असेल. पण पुढची-मागची दोन्ही स्टिक आतून जोडलेल्या, आणि शिकवणारे सर मागे बसतात, दिसत नाहीत.

संध्याकाळी सरांना विचारलंच. "तूच उतरवलंस की." मग स्टिकवर हात होता का? "मग हात कुठे ठेवू?"

झालं. आता माझी सोलो, म्हणजे एकटीने उडणं, तीही लांबणार. सगळं माझ्याच वाट्याला. घरी अजून काही बोलले नाही, ते जाऊ दे.

सोलोत मागची सीट रिकामी, म्हणजे ग्लायडर हलकं. टेकायला जास्त वेळ घेणार, तरंगत राहणार. निदान तेव्हा संशय घ्यायला कोणी नसेल. खरं तर सरांचा हात असला तर असो, माझा मणका शाबूत आहे.

तरी, पुन्हा उडायला लागलो की चिन्मयला धावपट्टीच्या कडेला उभं करणार आहे. कॅनोपीतून, म्हणजे वरच्या पारदर्शक झाकणातून, सरांचे हात दिसतात का, एवढंच बघायचंय. पाठ धरली असली तरी उभं राहायला काय होतंय?