आधी स्वतःचं लिहा, मग बाकीच्यांचं वाचा

मी कोल्हापुरात एम.ए.च्या वर्गाला इतिहास शिकवते. वर्गात प्रश्न टाकला की बोलणारी तोंडं ठरलेली. गारगोटी-चंदगडकडच्या पोरांचा जीव एसटीत अडकलेला. चर्चा रंगायला लागते तोवर तास संपतो. म्हणून ठरवलं, चर्चेला तोंड घरूनच फुटू दे.

व्हॉट्सॲप ग्रुप होताच, पण तिथं 'उद्या तास आहे का?' आणि वाढदिवसाच्या केकमध्ये मुद्दा हरवतो. कॉलेजच्या मूडलवर, म्हणजे ऑनलाइन अभ्यासाच्या साइटवर, प्रश्न टाकला: शाहू महाराजांचा नोकऱ्यांतल्या राखीव जागांचा २६ जुलै १९०२ चा हुकूम क्रांतिकारक का? पहिल्यानं गाईडमधला परिच्छेद डकवला. खाली रांगेनं 'सहमत', 'छान मांडलंस' आणि जोडलेले हात.

मग मूडलवरच्या चर्चेचा प्रश्नोत्तराचा प्रकार निवडला. त्यात स्वतःचं उत्तर टाकल्याशिवाय दुसऱ्यांचं दिसतच नाही. टाकल्यावरही दुरुस्तीची मुदत, एरवी अर्धा तास, संपावी लागते. नक्कल तिथंच थांबली. प्रश्नही बदलला. हुकुमाचा मजकूरच वाचायला दिला. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांतून भरायच्या, हे सगळ्यांना पाठ असतं. पण नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी खातेप्रमुखांनी सादर करायचा, असंही त्यात आहे. ते कशासाठी, एवढंच विचारलं.

वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या एका मुलीनं रात्री लिहिलं: "माझे वडील पंचायत समितीत क्लार्क आहेत. वरून माहिती मागवल्याशिवाय खाली कागद हलत नाही, असं ते म्हणतात. महाराज तर तेव्हा विलायतेत होते. हुकूम पाळला जातोय हे त्यांना कळणार कसं?" त्यावर एकानं लगेच टोला हाणला: "महाराज काय कायमचे विलायतेला गेले होते व्हय?" मी मध्ये पडले नाही. हे सोपं नाही, बोटं शिवशिवतात; पण मॅडमनी लिहिलं की पोरं 'ओके मॅडम' म्हणून मोकळी होतात.

दुसऱ्या दिवशी दोघांचं लिखाण छापून नेलं आणि ज्याचं त्याला वाचायला लावलं. मला विचाराल तर सगळी मेख इथं आहे. रात्री लिहिलेलं सकाळी वर्गात आलंच नाही, तर पुन्हा लिहायचे कष्ट कोण घेईल? ती मुलगी कागद हातात धरून बोलली, आणि समोरून प्रश्न आला, "पण शिकलेली माणसंच नसतील तर त्या जागा भरायच्या कुणी?" तिथून गाडी १९०१ च्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग या विद्यार्थी वसतिगृहावर आणि १९१७ च्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणावर गेली. मी खडू हातात घेऊन नुसती सालं लिहीत होते.

बाकी नियम किरकोळ आहेत. उत्तर शंभरेक शब्दांत, रोमन लिपीतली मराठी चालेल, गुण अगदी थोडे. जास्त गुण ठेवले की निबंध येतात. वाचण्यात माझा रविवार जातो, त्याला इलाज नाही. रेंज नसलेल्यांची उत्तरं वहीच्या पानावर येतात, तीही तासाला वाचली जातात. पुढचा प्रश्न शाहू महाराज आणि आंबेडकर एकत्र आले त्या १९२० च्या माणगाव परिषदेवरचा आहे. तो पोरांनीच सुचवलाय.