सहा तास कोणाचे?

अनुदानित कला महाविद्यालयात आस्थापना विभागाचं टेबल सांभाळणं म्हणजे नुसत्या पगारपत्रकांवर शिक्के मारणं, असा बाहेरच्यांचा समज असतो. खरी परीक्षा असते ती कार्यभाराच्या तक्त्याची. कोणत्या विषयाला आठवड्याला किती तास, त्यावर किती पदं टिकतात, हे सगळं त्या एका तक्त्यावर ठरतं. तो उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात गेला की त्यातला एकेक आकडा सोलून बघतात.

यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास शिकवायचं असतं. आमची तासिका 48 मिनिटांची. म्हणजे 20 तासिका झाल्या की बरोबर 16 तास भरतात. हे गणित वर्षानुवर्षं सुखाने चाललं होतं. 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण आलं आणि त्याबरोबर क्रेडिट आलं. एक क्रेडिट म्हणजे 15 तास, आणि तेही पूर्ण 60 मिनिटांचे. घंटा मात्र जुनीच राहिली.

त्या दिवशीची बैठक पहिल्या सत्रातल्या 2 क्रेडिटच्या ‘भारतीय ज्ञान परंपरा’ या पेपरसाठी होती. इतिहासाच्या सरांकडे 18 तासिका. दोन कमी पडल्या तर तक्त्यावर पद धोक्यात. हा पेपर मिळाला की 20 पूर्ण. तत्त्वज्ञानाचं कायम पद आधीचे सर निवृत्त झाल्यापासून रिकामंच आहे. विषय सीएचबीवरचे, म्हणजे तासाच्या हिशेबाने मानधन घेणारे, एक सर ओढतात. मराठीच्या मॅडमना संतसाहित्यामुळे पेपर आपलाच वाटत होता. मग आर्यभट आले, सुश्रुत आले, षड्दर्शनं आली, तक्षशिलाही येऊन गेली. ज्यांनी वर्षभर ग्रंथालयात पाऊल टाकलेलं नाही, त्यांनाही परंपरेचा उमाळा आला. मी इतिवृत्त लिहीत होते, म्हणून हसता येईना.

निकाल मला आधीच माहीत होता. कायम शिक्षकाचा कार्यभार आधी भरायचा, उरलं तर सीएचबीला. प्राचार्यांनी पेपर इतिहासाला दिला. त्यात गैर काही नाही, मीही तेच केलं असतं.

तेव्हा तत्त्वज्ञानाचे सर पहिल्यांदा बोलले. “सर, 2 क्रेडिट म्हणजे 30 तास. आठवड्याला 48 मिनिटांच्या दोन तासिका धरल्या तर 15 आठवड्यांत 24 तासच होतात. उरलेले सहा तास मुलांना कोण शिकवणार?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कॅल्क्युलेटरवर बोटं फिरवली. आठवड्याला अडीच तासिका हव्यात. एक आठवडा दोन, पुढचा तीन, असं वेळापत्रक बसवता येतं, पण ती अर्धी तासिका कोणाच्या नावावर? इतिहासाचे सर लगेच म्हणाले, “माझ्या वीस झाल्या, पुढचं माझ्याकडे नको.” ज्या पेपरसाठी अर्धा तास घसा कोरडा केला, त्यातली अर्धी तासिका जास्तीची घ्यायची म्हटल्यावर नको झाली! कोणीतरी सुचवलं, प्रकल्प दाखवा, काम भागेल. बहुतेक ठिकाणी तेच दाखवत असतील.

बाहेर पडताना एक प्राध्यापक माझ्या कानाशी कुजबुजले, “तासावर पैसे मिळतात ना, म्हणून चाललंय सगळं.” असेलही. सीएचबीवाल्याला सुट्टीचा पगार नाही, परीक्षेच्या काळात तास नाहीत म्हणजे बिल नाही. त्याने सहा तास मोजले तर बिघडलं काय? पण मुलांचं नाव काढणारा त्या खोलीत तो एकटाच होता, हेही मी कानांनी ऐकलंय. दोन्ही खरं असू शकतं का, हे माझं अजून ठरत नाही.

प्राचार्यांनी तोडगा काढला तो असा: ते सहा तास तत्त्वज्ञानाच्या सरांनी ‘अतिथी व्याख्यानं’ म्हणून घ्यावेत. आपल्याच महाविद्यालयात आठवडाभर शिकवणारा माणूस अतिथी! सरांनी मान हलवली. त्यांनी ती व्याख्यानं घेतलीही, न्यायदर्शनातल्या अनुमानावर. धूर दिसला म्हणजे आग आहे असं आपण कशावरून म्हणतो, यावर पहिल्या वर्षाची मुलं तास संपल्यावरही व्हरांड्यात भांडत होती. आवाज माझ्या टेबलापर्यंत येत होता.

महिनाअखेरीस मी लेखापालांना विचारलं, हे सहा तास सीएचबीच्या बिलात कोणत्या रकान्यात घालू? त्यांनी मान वर न करता सांगितलं, “अतिथीला बिल नसतं मॅडम, आभारपत्र असतं.”

आभारपत्राचा मसुदा प्राचार्यांनी सही करून पाठवलाय. मी त्यावर अजून जावक क्रमांक टाकलेला नाही. आधी त्या सहा तासांची एक टिपणी मानधनासाठी वर पाठवलीय. ती शेरा मारून परत येईल, हे लेखापालांनी मला आत्ताच सांगून ठेवलंय.