लाजाळू : हात कुठूनही लावा, पान मिटणार एकाच बाजूला

खिडकीतलं रोप उजेडाकडे झुकतं. कुंडी फिरवली की चार दिवसांत तेही वळतं. लाजाळूचं तसं नाही. पर्णिकेला (पानातल्या जोडीजोडीच्या इवल्या पानाला) वरून बोट लावा, खालून लावा, नाहीतर नुसती फुंकर मारा. जोडीतल्या दोन्ही पर्णिका वरच्याच बाजूला मिटतात. देठाला डावीकडून टिचकी मारा की उजवीकडून, तो खालीच पडतो. शाळेच्या पुस्तकात हिला ‘वृद्धी-असंलग्न हालचाल’ म्हणतात. नाव बोजड आहे, पण चूक नाही: इथे काहीच वाढत नाही, फक्त पाणी जागा बदलतं.

देठ खोडाला जिथे चिकटतो तिथे थोडा फुगीर सांधा दिसतो. धक्का बसला की त्याच्या खालच्या अर्ध्या भागातल्या पेशींतून पोटॅशियम आणि क्लोराइड बाहेर पडतात, मागोमाग पाणी. खालचा आधार सैल, वरचा ताठच, म्हणून देठ कोसळतो. पर्णिकांच्या इवल्या सांध्यांत उलटं घडतं. तिथे वरची बाजू सैल पडते. म्हणजे दिशा ठरते ती सांध्याच्या बांधणीतून, बोट कुठून आलं यावरून नाही.

घरी बघायचं तर सकाळी ९-१० वाजता, पाणी घातलेल्या रोपावर बघा. पेन्सिलीच्या टोकाने टोकाचीच एक जोडी हलकेच दाबा. जोड्या एकामागून एक मिटत मागे येतील. जोराचा धक्का किंवा उदबत्तीचा चटका मिळाला तर संदेश देठाच्या सांध्यापर्यंत पोचतो. (चटका एकदाच द्या, पर्णिका जळते.) पान पूर्ववत उघडायला साधारण १५-२० मिनिटं द्या. दर दोन मिनिटांनी छेडलं तर ते मंदावतं, आणि मग ‘आमचं लाजाळू लाजतच नाही’ अशी तक्रार होते. बाकी कारणं नेहमीचीच: सुकलेली माती, थंडी, अंधारी गॅलरी. संध्याकाळनंतर तर प्रयोग नकोच, पानं आपणहून मिटलेली असतात.

बी टणक सालीचं. कडकडीत तापवलेलं, पण उकळतं नव्हे, असं पाणी ओतून रात्रभर भिजत ठेवा आणि अर्धा सेंटीमीटर खोल पेरा. रोप कुंडीतच ठेवा. मूळची अमेरिका खंडांच्या उष्ण भागातली ही काटेरी वनस्पती जमिनीत एकदा पसरली की उपटताना हात सोलून निघतात.