व्हिसाची फी क्विंटलमधे

गावात नवरा कमवायला बाहेर अन बायको घरी, हे सगळ्यांनी पाहिलेलं. पण बायको इंग्लंडमधे नर्स अन नवरा हिंगणघाटजवळच्या खेड्यात पोरीच्या वेण्या घालून राहिला, हे आमच्याकडे पहिल्यांदाच. त्यामुळे जानेवारीपासून पानठेल्यावर गेलो की एकच, "काहो, तुमचं कधी मग?" आता ऑगस्टात उत्तर मिळालं म्हणून लिहून टाकतो, कारण मधल्या काळात आपल्याच भागातल्या चार-पाच जणांनी फोन करून "नर्सच्या नवऱ्या-पोरांच्या व्हिसाला किती लागते, किती दिवस लागते" विचारलं अन तेच तेच सांगून माझं डोकं पिकलं.

आधी तिचं थोडक्यात. तिकडच्या नर्सिंग कौन्सिलचा अर्ज १४० पाउंड, कॉम्प्युटरवरची परीक्षा ८३ पाउंड, तिकडे गेल्यावर प्रॅक्टिकल परीक्षा ७९४ पाउंड, ही शेवटची तिच्या हॉस्पिटलने भरली म्हणून निभावलं. सुरुवातीला एका एजंटने साडेतीन लाख सांगितले होते, ऑफिसात एसी, भिंतीवर लंडनच्या घड्याळाचा मोठा फोटो, मी तर जवळपास हो म्हटलं होतं. बायकोनेच शोधून काढलं की परदेशी नर्सला कामाला लावायची फी एजन्सीने नर्सकडून घ्यायचीच नाही असा तिकडचा नियम आहे, पैसे हॉस्पिटलकडून घ्यायचे असतात. तुमच्याकडे कोणी असे लाख मागत असेल तर चहा घ्या अन निघून या.

ती जानेवारी २०२५ ला गेली. तिच्याकडे जायच्या व्हिसाचा माझा अन पोरीचा अर्ज लगेच फेब्रुवारीत टाकायचा असं ठरलं होतं, अन तिथेच पहिली माशी शिंकली. पोरीच्या जन्माच्या दाखल्यावर पोरीचं नावच नाही. दवाखान्यातून नोंद गेली तेव्हा बारसं व्हायचं होतं, तो रकाना कोरा राहिला, अन सहा वर्षं कोणाचं तिकडे लक्ष गेलं नाही. आमचं लग्नाचं सर्टिफिकेट पण मराठीत, त्याचं ट्रान्सलेशन करून शिक्का पाहिजे. नाव चढवायला पंधरा वर्षांची मुदत असते म्हणून ते झालं, पण अर्ज, प्रतिज्ञापत्र, साहेब मीटिंगला, साहेब सुटीवर, यात मार्च गेला. तोवर एप्रिलमधे त्या व्हिसाची फी २८४ ची ३०४ पाउंड झाली, तीन वर्षांपर्यंतच्या व्हिसाची, माणशी. म्हणजे एका कोऱ्या रकान्यापायी दोघांचे मिळून साडेचार हजार जास्तीचे गेले. ज्यांच्या घरी लहान पोरं आहेत त्यांनी आजच दाखला काढून पाहा, व्हिसा काढा की नका काढू.

मी हे सगळं कापसात मोजतो, सवयच आहे. दोघांची फी ६०८ पाउंड, त्यात त्यांचा एक्स्चेंज रेट त्यांच्या मनाचा, गुगलवर दिसते त्याहून जरा चढाच, म्हणजे बहात्तर हजाराच्या आसपास. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१ होता, म्हणजे साडेनऊ-दहा क्विंटल कापूस. हे तरी नर्सच्या व्हिसाला हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिकडच्या सरकारी इलाजापोटी आधीच घेतात तो पैसा, माफ आहे म्हणून. माझा एक वर्गमित्र पुण्याहून आयटीच्या कामावर गेला, त्याला अन बायकोला माणशी वर्षाला १,०३५ पाउंड, अन ते पण दरवर्षी नाही, जितक्या वर्षांचा व्हिसा तितक्या वर्षांचे सगळे एकदम अर्ज भरतानाच. तीन वर्षांचे दोघांचे ६,२१० पाउंड. सात लाखाच्या वर! माझ्या पाच एकर कोरडवाहूत चांगलं वर्ष असलं तर पंचवीस-अठ्ठावीस क्विंटल होते, म्हणजे साडेतीन वर्षं वेचलेला कापूस अर्जाच्या आधीच गेला समजा.

पैसे भरायची पण गंमत. माझं कार्ड चाललंच नाही. व्हिसा काढायला व्हिसा नाहीतर मास्टरकार्ड लिहिलेलं कार्ड लागते हे मला त्या दिवशी कळलं, मग साळ्याचं कार्ड, त्याच्यावर इंटरनॅशनल बंद, ते चालू करायला त्याचा ओटीपी, अन तो नेमका वावरात, जिथे फोनला रेंज नाही.

पण मला खरं लोळवलं ते अठ्ठावीस दिवसांनी. नियम असा, तिकडे गेल्यावर तुम्ही उघड्यावर पडणार नाही हे दाखवायला नवऱ्याचे २८५ अन पहिल्या मुलाचे ३१५, असे ६०० पाउंड खात्यात सलग २८ दिवस असले पाहिजेत. हॉस्पिटल हमी देऊ शकते, पण त्यांच्या कागदावर हमीची टिक फक्त तिच्यापुरतीच होती. तिच्या तिकडच्या खात्यात ठेवले असते तरी चाललं असतं, पण घरभाडं अन डिपॉझिट भरून तिचं खातं दर महिन्याला कोरडं. मग माझ्या खात्यात ७६,२०० ठेवले. ६०० पाउंड म्हणजे तेव्हा साधारण सत्तर हजार, वरचे सहा हजार रेट हलला तर असू द्या म्हणून.

अन ते २८ दिवस आले कधी, मे-जूनमधे. ज्याने शेती केली त्याला पुढचं सांगायची गरज नाही. ६ जूनला कृषी केंद्रात गेलो, कापसाच्या बियाण्याचं पाकीट ९०१ रुपये, दहा पाकिटं घेतली, दुकानदाराने तो स्कॅनरचा पुठ्ठा समोर सरकवला, मी सवयीने फोन काढला अन टुंग. ९,०१० गेले. पाकिटं मोटरसायकलला बांधून घरी आलो, डोक्यात नुसता पाऊस, बँक कुठेच नाही.

दोन दिवसांनी स्टेटमेंट तिला पाठवलं. रात्रीचे अकरा, तिकडे साडेसहा, ती ड्युटीवरून आलेली, अजून युनिफॉर्मवरच.

"अहो, सहा तारखेला नऊ हजार दहा कशाचे?"

"बियाण्याचे."

ती काही बोललीच नाही. मग म्हणे, "खाली बॅलन्स किती उरला ते वाचा जरा." वाचलं. ६७,१९०. बावीस दिवस झाले होते, सहाच राहिले होते. एक दिवस जरी आकडा खाली गेला तर मोजणी परत एकपासून. तिने फोन उशीवर पालथा ठेवला असावा, कारण स्क्रीन काळी झाली अन तिच्या खोलीतल्या हीटरसारखा काहीतरी आवाज तेवढा येत राहिला. मी पण कट केला नाही.

मायला सकाळी समजावून सांगितलं तर ती म्हणे, "बँकेत सत्तर हजार पडून अन घरात बियाण्याले उधारी, हे कोणतं राज्य हाय रे बाप्पा!" तिला उत्तर देता आलं नाही मला. तिकडच्या साहेबाला काय माहीत की आमच्याकडे पैसा दिवाळीनंतर येते अन रोहिणी-मृगात जाते, त्याच्या हिशोबात दर महिन्याला पगार पडते.

९ जूनला तिने पैसे टाकले, ७ जुलैला अर्ज केला. मग टीबीची टेस्ट, ती ठरवून दिलेल्या क्लिनिकमधेच लागते अन तिचं सर्टिफिकेट सहाच महिने चालते, म्हणून आधी उगाच घाई करू नका. वर्ध्याहून विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई, १६ जुलैला बोटांचे ठसे. मशीनपाशी पोरीची उंची पुरेना तर तिथल्या ताईंनी स्टूल दिलं. तिथे अजून विचारतात, लवकर पाहिजे का? कामाच्या पाच दिवसांत निकाल, पण माणशी ५०० पाउंड वेगळे. दोघांचे हजार! म्हणजे फीपेक्षा घाई महाग. नको म्हटलं, तीन आठवडे थांबतो.

थांबलो तर २२ जुलैला व्हॉट्सॲपवर धडाधड मेसेज, "यूकेने व्हिसा बंद केला." पानठेल्यावर तर मला श्रद्धांजलीच वाहून झाली होती. रात्री नीट वाचलं तेव्हा कळलं की बाहेरून नवीन केअर वर्कर, म्हणजे म्हाताऱ्या-आजाऱ्यांची सेवा करणारे, घेणं बंद केलं, नर्सचं नाही. मला हायसं झालं अन लगेच लाज पण वाटली, कारण बाजूच्या गावातली एक पोरगी केअर वर्कर म्हणून तिकडे आहे. ११ मार्च २०२४ पासून ज्या केअर वर्करचा अर्ज गेला त्यांना घरचे नेताच येत नाहीत, ती त्यातच सापडली. तिचा चार वर्षांचा पोरगा आजीजवळ. फी भरा, सत्तर हजार दाखवा, महिने मोजा, असं काही त्या आजीला कोणी सांगतच नाही. त्यांच्यासाठी रांगच नाही.

माझे एक काका अमेरिकेतल्या भावाच्या अर्जाची वाट पाहून राहिले, अठराव्या वर्षात आहेत. ते मला म्हणे, "तीन आठवडे म्हणजे का वाट पाहणं हाय का बे?"

एकोणिसाव्या दिवशी मेल आला, मग पासपोर्ट, दोन्हीत स्टिकर. तिकिटं विसाव्या तारखेची. वावर चुलतभावाला बटईने दिलं, माय बहिणीकडे राहणार म्हणते अन रोज मन बदलते. काल संध्याकाळी पोरीला घेऊन धुऱ्यावर गेलो होतो. त्या दहा पाकिटांची पऱ्हाटी गुडघ्याच्या वर आली आहे, पात्या धरायला लागली. पोरगी विचारते, "बाबा, आपण वेचायले येऊ ना?"