विसरलेले इम्पोर्ट: ‘स्लीप’ नेमका कुणाचा?

आधी चालू कामाची स्थिती सांगते. माझं टूल पायथनची फाईल एएसटी मॉड्यूलने (कोडला झाडाच्या रूपात मांडणारं मॉड्यूल, म्हणजे तयार कोडचा संच) वाचतं, वापरलेली पण कुठेच न आणलेली नावं वेचतं आणि इम्पोर्टची, म्हणजे ते नाव दुसऱ्या मॉड्यूलमधून आणणारी, ओळ सुचवतं. नावं वेचणं आता पक्कं झालंय. लिस्ट कॉम्प्रिहेन्शनमधली (एका ओळीत यादी बनवणाऱ्या रचनेतली) व्हेरिएबल्स उगाच पकडली जायची; स्कोपचा, म्हणजे कोणतं नाव कुठपर्यंत चालतं याचा, हिशेब सिमटेबल मॉड्यूलकडे सोपवला आणि तो त्रास मिटला.

खरी मेहनत सुचवण्यात आहे. पायथन ३.१२ पासून इंटरप्रिटर (कोड चालवणारा प्रोग्रॅम) स्वतःच ‘सिस’ इम्पोर्ट करायला विसरलात का, असं विचारतो. पण ते स्टँडर्ड लायब्ररीतल्या, म्हणजे पायथनसोबतच येणाऱ्या, मॉड्यूलच्या नावापुरतंच. ‘पाथ’ लिहून तो ज्या मॉड्यूलमध्ये आहे ते पाथलिब विसरलात, तर तो पाथलिबचं नाव काढत नाही.

या आठवड्यात अडकले ते ‘स्लीप’वर. ठरावीक वेळ थांबवणाऱ्या फंक्शनचं हे नाव टाइम मॉड्यूलमध्ये आहे आणि असिंक-आयओमध्येही (अनेक कामं आलटूनपालटून पुढे नेणारं मॉड्यूल). माझ्याच एका फाईलमध्ये ‘अवेट स्लीप’ (अवेट म्हणजे हे होईपर्यंत बाकीची कामं चालू दे) लिहिलेलं होतं, टूलने टाइमचा सुचवला, मी डोळे झाकून घेतला. मग अर्धा सेकंद अख्खा इव्हेंट लूप (ही कामं आलटूनपालटून चालवणारं चक्र) ठप्प, आणि लगेच टाइपएरर, कारण टाइमचा स्लीप नन, म्हणजे ‘काहीच नाही’ हे मूल्य, परत देतो आणि ननला अवेट करता येत नाही. टूलनेच घातलेली चूक! हे मनाला लागलं.

उपाय सोपा वाटला: नावाआधी अवेट असेल तर सुचवण्यांच्या यादीत असिंक-आयओला वरचं स्थान द्यायचं. पण एएसटीच्या झाडात नोडला (झाडातल्या एका गाठीला) आपला पालक, म्हणजे वरची गाठ, ठाऊकच नसतो. म्हणून सुरुवातीला संपूर्ण झाडावर एक फेरी मारून प्रत्येक नोडला पालक जोडून दिला. आता ‘असिंक विथ’ या असिंक-आयओच्या रचनेमधला ‘लॉक’सुद्धा (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) बरोबर ओळखला जातो, नाहीतर थ्रेडिंग, मल्टिप्रोसेसिंग आणि असिंक-आयओ असे तिघे त्यावर हक्क सांगतात.

‘क्यू’ (कामांची रांग; हे नावही अनेक मॉड्यूलमध्ये आहे) मात्र अजून दाद देत नाही. तो बनतो एका ओळीत आणि त्याच्या ‘गेट’वरचा (रांगेतून पुढची वस्तू काढणाऱ्या हाकेवरचा) अवेट येतो दहा ओळी खाली, म्हणजे व्हेरिएबलचा माग काढत जावं लागणार. तोवर त्याच प्रोजेक्टच्या बाकी फाईलींनी काय इम्पोर्ट केलंय ते बघते. तिथेही कौल मिळाला नाही, तर सगळे पर्याय दाखवायचे आणि आपणहून एकही घालायचा नाही. चुकीचा इम्पोर्ट गुपचूप घालण्यापेक्षा विचारलेलं कधीही बरं, यावर मी ठाम आहे.

थ्रेडिंग आणि असिंक-आयओ एकाच फाईलमध्ये वापरणारा कोड कुणाकडे असेल तर जरूर द्या. पुढची चाचणी त्यावरच घ्यायची आहे.