आमची वाटचाल : छापखान्यापासून पटापर्यंत

छापखाना वडिलांनी सुरू केला. लग्नपत्रिका, बिलबुकं आणि शाळांची प्रगतिपुस्तकं यांवर आमचं घर उभं राहिलं. पत्रिका मोबाइलवरून जायला लागल्या तशी कामं आटली, पण कटिंग, क्रीझिंग, लॅमिनेशन सगळं घरचंच होतं. धाकट्या भावाला परदेशी स्ट्रॅटेजी बोर्डगेमचा नाद. तो म्हणाला, "दादा, पत्ते, टोकनं, पुठ्ठ्याचा पट, यातलं आपल्याला काय येत नाही?" पुण्यात बसून विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. मराठ्यांचा इतिहास, तोरण्यापासून १८१८ पर्यंत.

पण पावणेदोनशे वर्षं एका संध्याकाळच्या डावात बसवायची कशी? वर्षाला एक टर्न धरला तर डाव संपेपर्यंत पहाट होईल. शिवाय हा इतिहास एका चालीने चालत नाही. १० नोव्हेंबर १६५९ ला अफजलखान पडला आणि २८ तारखेला पन्हाळा स्वराज्यात आला. अठरा दिवसांत नकाशा बदलला. उलट जिंजीचा वेढा १६९० ते १६९८ असा रेंगाळला. संगणकावरच्या 'सिव्हिलायझेशन'मध्ये सुरुवातीच्या एका टर्नला कित्येक वर्षं उलटतात आणि आधुनिक काळ आला की टर्न वर्षावर येतो. सगळ्या मानवजातीच्या कहाणीला ते शोभतं. आमच्या कहाणीत काळ मध्येच आवळतो, मध्येच सैल होतो.

उत्तर पावसाने दिलं. दसऱ्याला सीमोल्लंघन, मृगाच्या आत परत आणि मग छावणी, हा फौजेचा वर्षक्रम. म्हणून आम्ही वर्षाचे दोनच टर्न केले, मोहिमेचा आणि पावसाळ्याचा. आणि प्रत्येक कालखंडातली निवडक वर्षंच पटावर आणली. पावसाळ्याच्या टर्नमध्ये फौज सहसा हलत नाही. धान्य, वैरण, गडांची डागडुजी आणि वाटाघाटी चालतात. वेढा मात्र चालू ठेवता येतो, पण रसद दुप्पट मोजावी लागते. सिद्दी जौहरने १६६० च्या पावसातही पन्हाळ्याचा वेढा उठवला नव्हता, आणि महाराज निसटले ते जुलैतल्या रात्रीच.

या टर्नमधला माझा सगळ्यात लाडका पत्ता 'उंदराने वात नेली' हा. तो निघाला की छावणीतली निम्मी वैरण जळते. मुलं हसतात, हे खोटं म्हणतात. मग आम्ही त्यांना चिपळूणच्या छावणीला गेलेलं शिवकालीन पत्र दाखवतो: वैरण जपून वापरा, रयतेच्या काडीलाही हात लावू नका, रात्री दिवा तसाच ठेवलात तर उंदीर वात नेईल आणि गंजीला आग लागेल. पावसाळा किती मोठा शत्रू होता हे मला त्या पत्राइतकं कशातच जाणवलं नाही.

कालखंड पाडताना घरात खूप वाद झाले. शाळेच्या पुस्तकात राजा बदलला की धडा बदलतो. आम्ही ठरवलं, खेळाचे नियम बदलतील तिथेच कालखंड बदलेल. म्हणून पहिला कालखंड १६८० ला संपत नाही. संभाजीराजांच्या काळातही एक छत्रपती, एक राजधानी, एक खजिना हीच घडी होती. ती मोडली १६८९ ला. राजे गेले, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले आणि संताजी-धनाजींसारखे सेनानी शेकडो कोसांवर स्वतःच्या हिमतीवर लढू लागले. पटावर इथून प्रत्येक खेळाडूचा खजिना वेगळा होतो. पुढच्या रेघा १७०७, १७४९ आणि १८०२ ला: औरंगजेबाचा मृत्यू, शाहू महाराजांचा मृत्यू, वसईचा तह.

पानिपतावर रेघ का नाही, असं प्रत्येक जण विचारतो. कारण घाव जबर बसला तरी घडी मोडली नाही. माधवराव उभे राहिले आणि दहा वर्षांत मराठे पुन्हा दिल्लीत होते. पण त्या मोहिमेपुरता टर्न आम्ही महिन्याचा केला. मार्च १७६० ला फौज दक्षिणेतून निघते, ऑगस्टात दिल्ली हाती येते आणि मधे यमुना दुथडी भरून वाहते. भाऊसाहेबांचा खेळाडू पाणी उतरायची वाट बघतो आणि प्रत्येक टर्नला धान्याचं एक टोकन परत करतो. ऑक्टोबरात कुंजपुरा मिळतो, पण त्याच महिन्यात अब्दाली बागपतला नदी उतरतो. पुढे जानेवारीपर्यंतची समोरासमोरची कोंडी खेळताना मोठी माणसंही गप्प होतात. वर्षाच्या टर्नमध्ये हे सगळं एका फाशात उरकलं असतं.

पहिली आवृत्ती आम्ही घरच्याच मशीनवर छापली. शाळा, वाचनालयं, गणेशोत्सवातले स्टॉल असं फिरून ती विकली. आता परदेशातली मराठी मंडळंही मागवतात, म्हणून खोका हलका केला आणि नियमपुस्तिका मोठ्या टायपात घेतली. वडील अजूनही प्रत्येक गठ्ठ्यातला एक पत्ता वाकवून बघतात.

सध्या पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाचा पट जुळवतो आहोत. मुंबईकर इंग्रजांनी १७७५ ला राघोबादादांशी सुरतेचा तह केला, कलकत्त्याने तो मोडून १७७६ ला पुरंदरचा केला आणि लंडनहून जहाजाने आलेल्या पत्राने मुंबईची बाजू घेतली. म्हणजे इंग्रज खेळाडूला हुकूम कित्येक टर्न उशिरा मिळणार, आणि तोवर पुणेकर खेळाडूच्या दोन मोहिमा उरकलेल्या असणार. उशिरा पोचणारी ही पत्रं पटावर कुठे ठेवायची, यावर रोज रात्री जेवणानंतर आमचा खल चालतो. भावाला जहाजांची वेगळी पट्टी हवी आहे. मला पत्रं बंद लिफाफ्यात हवी आहेत. लिफाफ्याची डाय मी बनवायला टाकली आहे.