खाण खचली म्हणून जमीन हलली, की उलट?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. कोळशाची भूमिगत खाण कोसळल्याची बातमी आली की सोलापुरात हा प्रश्न हमखास येतो: आधी भूकंप झाला आणि खाण खचली, की खाण खचली म्हणून जमीन हलली? 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीची पहाट इथे घराघरात आठवते, त्यामुळे हादरा म्हटलं की भूकंपच डोळ्यांपुढे येतो. आपल्या पायाखाली बेसाल्ट, कोळसाखाणी दूर विदर्भात. तरी होटगीजवळच्या वीजप्रकल्पात कोळसाच जळतो. तो काढणाऱ्यांच्या जिवाचा प्रश्न आपल्याला परका नाही.

उत्तर भूकंपमापकाच्या नोंदीतल्या पहिल्या हालचालीत असतं. पोकळी एकदम मिटली की भोवतालचा खडक तिच्याकडे ओढला जातो, म्हणून जमिनीवरच्या सगळ्या नोंद-केंद्रांवर पी-लहर, म्हणजे सर्वांत आधी पोचणारी लहर, खालच्या दिशेनं सुरू होते. भ्रंशावर, म्हणजे खडकातल्या मोठ्या भेगेवर, खडक सरकला तर काही ठिकाणी वर, काही ठिकाणी खाली. सुरुंगात सगळीकडे वर. 6 ऑगस्ट 2007 ला अमेरिकेत यूटामधल्या क्रॅन्डल कॅन्यन खाणीत सहा कामगार अडकले, 3.9 तीव्रतेचा धक्का नोंदला गेला. नैसर्गिक भूकंपानं खाण पडली असा दावा तेव्हा झाला. नोंदींमध्ये मात्र पहिल्या हालचाली खालच्या दिशेच्या होत्या. खाणीतले कोळशाचे खांब चिरडून ती बसली होती. दहा दिवसांनी आणखी एक खांब फुटून कोळसा उसळला आणि बचावपथकातले तिघं गेले.

आता यातली मेख. जमिनीचा हादरा टिपणाऱ्या जिओफोनमध्ये चुंबक आणि तारेचं वेटोळं असतं. त्याच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या तर 'खाली'चं 'वर' होतं आणि कोसळणं सुरुंगासारखं दिसतं. म्हणून बसवण्याआधी प्रत्येक जिओफोनवर एकाच बाजूनं हलकी टिचकी मारून नोंदीची रेषा एकाच दिशेला जाते ना, हे पाहायचं आणि लिहून ठेवायचं. मग तो घट्ट खडकातल्या भोकात सिमेंटनं पक्का करायचा. सैल दगडावर ठेवला तर तो स्वतःच थरथरतो.

खाणीत तडा नेमका कुठे गेला ती जागा काढायला किमान चार केंद्रं लागतात, कारण तीन अंतरं आणि एक वेळ अशा चार गोष्टी अज्ञात असतात. सगळी केंद्रं कोळशाच्या एकाच थरात बसवली तर खोली हटकून चुकते. तडा छतात गेला की तळात, कळत नाही. काही केंद्रं वर, जमिनीवरून घेतलेल्या बोअरमध्ये हवीतच. खाणीत जीपीएस पोचत नाही, वेळ वरून फायबरनं पाठवावी लागते. खडकात लहर सेकंदाला साडेतीन किलोमीटर धावत असेल तर घड्याळातल्या 10 मिलिसेकंदांच्या चुकीनं 35 मीटरचा फरक पडतो. म्हणून ठाऊक जागी एक छोटा सुरुंग उडवून यंत्रणा तीच जागा दाखवते का, हे ताडायचं. शिवाय हवेत मिथेन 5 ते 15 टक्के झाला की ठिणगी पुरते, त्यामुळे आतलं प्रत्येक उपकरण ठिणगी न पाडणारंच लागतं.

छताला आधार देणारे कोळशाचे खांब काढत मागे सरताना गोफावरचं, म्हणजे कोळसा काढून रिकाम्या झालेल्या जागेवरचं, छत लटकत राहतं. तेव्हा बारीक तड्यांची संख्या वाढते, ते कामाच्या तोंडाकडे सरकतात. ही इशाऱ्याची खूण, भाकीत नव्हे. आणि नोंद अचानक शांत झाली तर निश्चिंत होऊ नये. छत न पडता अडून राहिलं असेल, किंवा गोफाच्या काठची केबल तुटली असेल. आधी केबल तपासायची, तोवर माणसं आत सोडायची नाहीत.